अंडाशयाच्या दुर्मिळ अर्बुदांची हकीकत

पोट पाण्याने फुगत जावे, हातापायांच्या काड्या व्हाव्यात, चार पावले चालताच धाप लागावी आणि आडवे होणे अशक्य होऊन सारी रात्र उशांना टेकून बसून काढावी लागावी, अशा अवस्थेतील वयस्क स्त्री वैद्यापुढे आली, की तिच्या नशिबाचा निकाल बहुधा पहिल्या भेटीतच लागून जाई. आपल्या प्राचीन वैद्यकाने उदररोगांचे आठ प्रकार मानले आणि त्यांत जलोदर हा अतिशय कष्टसाध्य गणला. सुश्रुताने नाभीच्या खाली डाव्या अंगाला, रोमराजीपासून चार अंगुळे सोडून, व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने वेध घेऊन पाणी काढण्याचा विधी सांगितला आणि सगळे पाणी एकदम न काढता दिवसादिवसाने थोडे थोडे काढावे, असा इशाराही देऊन ठेवला. युरोपातील वैद्यांची रीत याहून फारशी निराळी नव्हती. पोटाला छिद्र पाडावे, घागरभर पाणी काढावे, रोगिणीला काही दिवसांची उसंत मिळावी आणि पोट पुन्हा भरावे, हा क्रम तिच्या अंतापर्यंत चाले. ते पाणी येते कोठून, याचे उत्तर जिवंत शरीरात शोधण्याची सोय नव्हती; शवविच्छेदनात ते सापडले, तरी तोवर रोगिणीच्या दृष्टीने त्याचा उपयोग उरलेला नसे.

यकृत, हृदय, मूत्रपिंड आणि क्षय ही या पाण्याची कारणे यथाक्रम उलगडत गेली. ओटीपोटाच्या तळाशी दडलेला, ऐन तारुण्यात बदामाएवढा आणि पाळी गेल्यावर आणखी आक्रसणारा अंडाशय हादेखील त्याचा उगम असू शकतो, हे मात्र सहजी पटले नाही. ज्या अवयवाचे काम संपले असे वैद्यांनी आणि घरच्यांनी मिळून गृहीत धरले होते, त्याची दखल उतारवयात कोणी घेत नसे. प्रस्तुत हकीकत अशाच काही अर्बुदांची आहे. ती दुर्मिळ आहेत, बहुतांशी पन्नाशीच्या आगेमागे व पुढच्या वयात आढळतात, आणि त्यांतील कित्येक मुळीच घातक नाहीत. असे असूनही, किंवा त्यामुळेच, त्यांनी वैद्यकशास्त्राला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकविली: गाठ हाती घेऊन पाहिल्यावाचून तिच्यावर मृत्यूचा शिक्का मारू नये.

या हकीकतीतील पहिला ठळक दाखला स्कॉटलंडमधला, १७०१ सालचा आहे. ग्लासगोच्या परिसरातील अठ्ठावन्न वर्षांच्या एका शेतकरी स्त्रीकडे रॉबर्ट ह्यूस्टन नावाच्या तरुण वैद्याला नेण्यात आले. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झालेल्या शेवटच्या बाळंतपणापासून तिच्या पोटाच्या डाव्या अंगाला दुखत होते, आणि पुढे तेथे वाढत गेलेल्या गाठीने तिला इतके जखडून टाकले होते, की ती धड श्वास घेऊ शकत नव्हती आणि पाठीवर पडून राहण्यापलीकडे तिला गती उरली नव्हती. काय वाटेल ते करा, पण सोडवा, असा तिचाच आग्रह होता. ह्यूस्टनने पोटाला लहानशी चीर दिली, ती वाढविली. आतला चिकट, गोंदासारखा पदार्थ बाहेर येईना, तेव्हा त्याने देवदाराची एक मजबूत काडी घेतली, तिच्या टोकाला कापडाचे तंतू गुंडाळले, ती जखमेत घालून पिळली आणि त्या पिळाबरोबर तो चिवट पदार्थ लांबच लांब ओढून काढला. मग तीन टाके घातले आणि गरम ब्रँडीत भिजविलेल्या घड्यांनी पोट बांधले. भूल नाही, जंतूंची कल्पना नाही, हाताशी योग्य हत्यार नाही, अशा स्थितीत झालेल्या या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी तो तिला भेटावयास गेला, तेव्हा ती ब्लँकेटे लपेटून घराबाहेर बसली होती आणि शेतावरच्या माणसांना कामे सांगत होती. ती पुढे तेरा वर्षे जगली आणि १७१४ च्या ऑक्टोबरात वारली. ह्यूस्टनने ही कैफियत १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या मुखपत्रात छापली. त्याने संपूर्ण अंडाशय काढला, की केवळ गाठ रिती केली, याविषयी पुढील विद्वानांत वाद झाले आहेत; परंतु साठीकडे झुकलेल्या स्त्रीच्या अंडाशयाची गाठ म्हणजे तिचा अंत, हा समज या एका घटनेने निदान कागदावर तरी खोटा ठरला होता.

कागदावरचे सत्य व्यवहारात उतरण्यास आणखी शंभर वर्षे गेली, आणि तेही युरोपातील एखाद्या नामांकित विद्यापीठात उतरले नाही. अमेरिकेच्या केंटकी प्रांतातील डॅनव्हिल हे त्या काळी वस्तीच्या कडेवरचे लहानसे गाव. तेथे एडिंबरोत शिकून आलेला एफ्राइम मॅकडॉवेल हा शल्यवैद्य व्यवसाय करीत असे. १८०९ च्या डिसेंबरात त्याला सुमारे साठ मैलांवरच्या एका खेड्यात बोलावणे आले. जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या सेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीचे पोट भलतेच वाढले होते आणि तेथील वैद्यांच्या मते ती गरोदर असून तिचे दिवस उलटून गेले होते. मॅकडॉवेलने तपासले, गर्भाशय रिकामे होते, गाठ अंडाशयाची होती. अशी गाठ आजवर कोणी यशस्वीपणे काढल्याचे आपल्याला माहीत नाही, तथापि तू डॅनव्हिलला आलीस तर मी प्रयत्न करीन, असे त्याने तिला स्पष्ट सांगितले. ऐन हिवाळ्यात ती बाई घोड्यावर बसून साठ मैल गेली. त्या प्रवासात खोगिराच्या उंच टोकावर गाठ टेकत राहिल्याने पोटाची कातडी ठेचाळून निघाली होती, ही बारीकशी गोष्ट मॅकडॉवेलने आपल्या निवेदनात टिपून ठेवली आहे, आणि त्या प्रवासाची कल्पना येण्यास तेवढा एक तपशील पुरेसा आहे.

शस्त्रक्रिया पंचवीस मिनिटे चालली. नऊ इंचांची चीर देताच आतडी टेबलावर घरंगळली. पोट गाठीने इतके व्यापले होते, की ती पुन्हा आत सारणे शक्य होईना. मॅकडॉवेलने अंडाशयाच्या देठाला दोरा बांधला, गाठ फोडून त्यातून पंधरा पौंड चिकट द्रव्य काढले आणि नंतर साडेसात पौंड वजनाची पिशवी छाटून बाहेर घेतली. भूल देण्याचा शोध लागण्यास अजून छत्तीस वर्षांहून अधिक अवकाश होता. पाचव्या दिवशी तो रोगिणीला पाहावयास गेला, तो ती आपले अंथरूण आपणच नीट करीत होती. पंचवीस दिवसांनी ती घरी परतली आणि पुढे बत्तीस वर्षे जगून वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी निवर्तली.

ही हकीकत मॅकडॉवेलने १८१७ साली फिलाडेल्फियातील एका वैद्यकीय नियतकालिकात आणखी दोन रोगिणींच्या वृत्तांतासह प्रसिद्ध केली. त्या दोघी कृष्णवर्णीय होत्या, आणि क्रॉफर्डबाईंचे नाव जसे इतिहासात राहिले तसे त्यांचे राहिले नाही. शास्त्राच्या प्रगतीचा जमाखर्च मांडताना ही बाजू वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लंडनच्या एका वजनदार संपादकाने केंटकीच्या जंगलातून आलेल्या या दाव्याची प्रथम यथेच्छ टर उडविली आणि पुढे पुरावा वाढत गेल्यावर त्याच पत्रात माफीही मागितली. ज्या फिलाडेल्फियात हा लेख छापला गेला, त्याच शहरातून पुढे १८८६ साली आनंदीबाई जोशी वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. स्त्रीरोगांविषयी स्त्रीने स्त्रीपाशी मोकळेपणाने बोलावे, ही त्यांची तळमळ या हकीकतीशी किती निगडित आहे, ते पुढे ओघाने येईलच.

१८४६ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली, १८६७ साली लिस्टरने जंतुनाशक पद्धतीचा पुरस्कार केला, आणि लंडनमध्ये स्पेन्सर वेल्स याने १८५८ पासून १८८० पर्यंत अंडाशयाच्या गाठी काढण्याच्या एक हजार शस्त्रक्रिया पुऱ्या करून प्रत्येकीची, यशाची तशी अपयशाचीही, नोंद प्रसिद्ध केली. पोट उघडणे हा आता खुनाचा प्रयत्न राहिला नव्हता. परंतु गाठी मुबलक हाती येऊ लागताच एक नवाच प्रश्न उभा राहिला: या सगळ्या एका जातीच्या आहेत काय? काही पाण्याने भरलेल्या, काही दगडासारख्या घट्ट, काही पिवळसर, काही पांढऱ्याशुभ्र. काही काढल्यावर रोगिणी तीस वर्षे जगे, तर काहींनंतर तीन महिन्यांत आटोपे. या प्रश्नाचा निवाडा शल्यवैद्याच्या सुरीला करता येण्याजोगा नव्हता. तो सूक्ष्मदर्शकाखालीच व्हावयाचा होता.

व्हिएन्नाचा थोर विकृतिशास्त्रज्ञ रोकिटान्स्की याने १८५५ साली एका विशेष प्रकारच्या अर्बुदाचे वर्णन केले. स्त्रीबीजाभोवती ज्या पेशींचे आवरण असते, त्या कणिकामय पेशींतून ते उद्भवलेले दिसत होते. त्याच व्हिएन्नात वीस वर्षांनी एमा कॉल नावाची अमेरिकन तरुणी येऊन दाखल झाली. मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी तिने संपादन केली होती. शरीरक्रियाशास्त्रज्ञ झिग्मुंड एक्सनर याच्या सहवासात तिने सशाच्या अंडाशयाचा अभ्यास केला आणि बीजपुटकातील पेशी मध्ये एक थेंबभर द्रव ठेवून त्याभोवती वर्तुळाकार बसतात, ही रचना १८७५ साली त्या दोघांनी नमूद केली. ती रचना कॉल व एक्सनर यांच्या नावाने आजही ओळखली जाते, आणि कणिकापेशींचे अर्बुद ओळखण्याची ती एक प्रमुख खूण आहे. कॉलबाई संशोधनात राहिल्या नाहीत. त्या बॉस्टनला परत जाऊन स्त्रियांची चिकित्सा करीत राहिल्या आणि १८८४ साली मॅसॅच्युसेट्स मेडिकल सोसायटीत प्रवेश मिळालेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. सशाच्या पेशींत तिने पाहिलेले ते चिमुकले वर्तुळ पुढे हजारो वृद्ध स्त्रियांच्या रोगाचा उलगडा करील, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीही नसेल. त्या अर्बुदाला कणिकापेशींचे अर्बुद हे नाव फोन वेर्ट याने १९१४ साली दिले.

या अर्बुदाचा स्वभाव मोठा विलक्षण. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षे लोटलेल्या स्त्रीला अचानक पुन्हा अंगावरून जाऊ लागे. स्तन हुळहुळे होत. जणू गेलेले दिवस परत आले, असा देखावा उत्पन्न होई. घरची वडीलधारी माणसे ते वयाचे लहरीपण समजत आणि डॉक्टर गर्भाशयाकडे बोट दाखवीत. खरा अपराधी कित्येकदा शेजारी, अंडाशयात बसलेला असे, आणि त्याच्या अपराधाचे साधन ओळखण्यास रसायनशास्त्राची वाट पाहावी लागली. १९२९ साली अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे स्त्रीसंप्रेरकाचा एक शुद्ध स्फटिक वेगळा केला, आणि मग सगळे दुवे जुळत गेले: हे अर्बुद स्वतः इस्ट्रोजेन निर्माण करते, त्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर फाजील वाढते, आणि ते अस्तर गळू लागले, की रक्तस्राव होतो. काही रोगिणींत ते अस्तर इतके चेतविले जाते, की तेथे स्वतंत्रपणे कर्करोगाची सुरुवात होते. म्हणजे अंगावर जाण्याची ती तक्रार, जी स्त्रिया संकोचाने दडवीत आणि डॉक्टर कंटाळ्याने ऐकत, हीच त्या गाठीने वेळेवर धाडलेली वर्दी होती.

दुसऱ्या एका अर्बुदाची कथा एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. १९०७ साली फ्रँकफुर्टमध्ये फ्रिट्झ ब्रेनर या तीस वर्षांच्या वैद्याने अंडाशयाच्या एका घट्ट गाठीवर निबंध लिहिला. तंतुमय पेशीजालात गोलाकार पेशींची बेटे विखुरलेली, आणि त्या पेशी बीजपुटकाच्या पेशींशी नाते सांगणाऱ्या, असे त्याचे मत होते. निबंध छापला गेला आणि दफ्तरात पडला. ब्रेनर १९१० साली जर्मनीच्या ताब्यातील नैर्ऋत्य आफ्रिकेत निघून गेला आणि पुढे जोहान्सबर्ग येथे साधा कुटुंबवैद्य म्हणून रुग्णांना औषधे देत राहिला. इकडे बर्लिनच्या स्त्रीरोगचिकित्सालयात रॉबर्ट मायर नावाचा विकृतिशास्त्रज्ञ अंडाशयाच्या अर्बुदांची नव्याने वर्गवारी करीत होता. त्याने १९३२ साली दाखविले, की ब्रेनरच्या गाठीचा कणिकापेशींशी काही संबंध नाही, ती सर्वस्वी निराळी जात आहे. परंतु ती प्रथम नीट वर्णिल्याचा मान देऊन त्याने तिला ब्रेनरचेच नाव दिले. ज्याचे अनुमान खोडून काढले, त्याच्याच नावाने गाठ अमर करण्याचा हा उदारपणा शास्त्राच्या इतिहासात वारंवार दिसत नाही. त्या पेशींचे साम्य मूत्राशयाच्या अस्तराशी आहे, असे पुढे निश्चित झाले. खुद्द ब्रेनरला आपल्या कीर्तीचा पत्ता कित्येक वर्षे नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यावर इतिहासकार शोध घेत गेले, तेव्हा ज्याचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत होते, तो माणूस जोहान्सबर्गमध्ये हयात असल्याचे आढळले. मायरच्या वाट्याला मात्र निर्वासितपण आले. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्याला स्वदेश सोडावा लागला, आणि १९३९ साली, पंचाहत्तरीत, तो अमेरिकेत मिनिआपोलिसला जाऊन पुन्हा सूक्ष्मदर्शकापुढे बसला.

ब्रेनरची गाठ अंडाशयाच्या अर्बुदांत शंभरांत एक-दोन एवढीच आढळते, बहुधा लहान असते आणि क्वचितच घातक निघते. अशा गाठींची वर्गवारी हा केवळ पंडिती खटाटोप आहे, असे वाटण्याचा संभव असतो. तो संभव ज्या घटनेने कायमचा मिटविला, ती बॉस्टनमध्ये घडली.

जो व्हिन्सेंट मिग्ज हा मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातील स्त्रीरोगशल्यवैद्य. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील मोठ्या शस्त्रक्रियेचे पुनरुज्जीवन करणारा म्हणून त्याची ख्याती. मरणाच्या दारातील रोगिणी पाहण्याची त्याला सवय होती. पोटात गाठ, पोटात पाणी आणि छातीतही पाणी असे त्रिकूट दिसले, की त्या काळच्या रुग्णालयांत निष्कर्ष ठरलेला असे: अंडाशयाचा कर्करोग फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोहोचला आहे, आता सुरी लावण्यात अर्थ नाही. छातीतले पाणी सुईने काढावे, दुखण्यासाठी अफूची औषधे द्यावीत आणि नातेवाइकांना बाहेर बोलावून चार शब्द सांगावेत, एवढीच तजवीज उरे. या तर्कात वरवर पाहता काहीच खोट नव्हती. बहुतेक रोगिणींच्या बाबतीत तो खराही ठरे. आणि बहुतेकींच्या बाबतीत खरा ठरणारा तर्क उरलेल्या थोड्यांच्या जिवावर कसा उठतो, हेच मिग्जला दिसले.

अशा काही रोगिणींचे पोट उघडले असता आत पसरलेला कर्करोग नव्हताच. होती एक पांढरी, गुळगुळीत, कठीण तंतुमय गाठ, जिला विकृतिशास्त्रज्ञ फायब्रोमा म्हणतात, आणि जी सर्वस्वी निरुपद्रवी असते. ती गाठ काढली, की पोटातले पाणी आटे. आणि अधिक नवल म्हणजे ज्याला कोणी हातही लावला नव्हता, ते छातीतले पाणीही आपोआप नाहीसे होई व पुन्हा भरत नसे. जिचा श्वास कोंडत होता, ती बाई काही आठवड्यांत जिने चढू लागे. १९३७ साली मिग्ज आणि त्याचा सहकारी जॉन कॅस यांनी अशा सात रोगिणींचे वृत्त प्रसिद्ध केले. सात ही संख्या क्षुल्लक वाटेल, परंतु ज्यांची नावे असाध्याच्या यादीत लिहून झाली होती, त्यांतल्या त्या सात होत्या. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या ऱ्होड्स व टेरेल यांनी आपल्याही रोगिणीचे वर्णन करताना या त्रिकूटाला मिग्जचे नाव दिले, आणि ते रूढ झाले.

न्यायाने पाहता मिग्ज हा पहिला नव्हता. फ्रान्समध्ये बोर्दोचा शल्यवैद्य अल्बेर दमाँ याने अंडाशयाच्या गाठींबरोबर छातीत पाणी होते व गाठ काढल्यावर ते जाते, असे १८८७ सालीच सांगितले होते. म्हणून फ्रेंच वैद्य आजही दोघांची नावे जोडून घेतात. मिग्जचे श्रेय निराळे आहे. एकेकट्या चमत्कारांची गोष्ट म्हणून जे विखुरले होते, त्याला त्याने नियमाचे रूप दिले, आणि पुढे १९५४ साली त्या नियमाच्या मर्यादाही काटेकोरपणे आखून दिल्या: गाठ फायब्रोमासारखी घट्ट व निरुपद्रवी हवी, पोटात व छातीत पाणी हवे, आणि गाठ काढल्यावर ते पाणी परत न येता रोगिणी बरी व्हावयास हवी. यांतली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. कारण तिचा अर्थ असा, की शस्त्रक्रिया केल्यावाचून हे निदान पुरे होतच नाही.

पोटातले पाणी छातीत जाते कसे, याचा तपासही त्याच मंडळींनी केला. पोटात काळी शाई टोचली असता तिचे कण छातीतल्या पाण्यात मिळाले; तेव्हा मध्यपटलातील सूक्ष्म लसवाहिन्यांतून ते वर चढते, असे अनुमान निघाले. छातीच्या उजव्या बाजूला ते अधिक वेळा साठते, हे निरीक्षणही या अनुमानाशी जुळते, कारण मध्यपटलाच्या त्या अंगाला लसवाहिन्यांचे जाळे अधिक दाट असते. मूळ पाणी गाठीभोवती का पाझरते, याविषयी मात्र अद्याप एकवाक्यता नाही. गाठीच्या पृष्ठभागातून ते झिरपते, हे मत अधिक ग्राह्य मानले जाते. अंडाशयाच्या फायब्रोमापैकी अवघ्या शंभरांत एकीला हे पूर्ण त्रिकूट होते. इतक्या विरळ गोष्टीसाठी प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला मिग्जचे नाव पाठ करावयास लावतात, ते त्या एकीसाठी.

याच रुग्णालयात पुढे रॉबर्ट स्कली या विकृतिशास्त्रज्ञाने आयुष्य घालविले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अंडाशयाच्या अर्बुदांच्या वर्गीकरणावर त्याच्या हाताची छाप पडली. जगभरच्या प्रयोगशाळा एका भाषेत बोलू लागल्या. आपल्याकडे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. गाठ काढणाऱ्याइतकाच ती वाचणारा माणूस मोलाचा आहे, ही जाणीव या देशात रुजविणाऱ्यांत त्यांची गणना अग्रभागी करावी लागेल.

कणिकापेशींच्या अर्बुदाची गोष्ट मात्र अजून पुरी व्हावयाची होती. घातक अर्बुदांपैकी शेकडा दोन ते पाच एवढेच त्याचे प्रमाण. ते सावकाश वाढते, बहुधा लवकर उमगते आणि एका शस्त्रक्रियेत निघून जाते. परंतु त्याचा एक दगा असा, की दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, रोगिणी ते विसरून गेलेली असताना ते पुन्हा डोके वर काढते. शिवाय सूक्ष्मदर्शकाखालीही इतर अर्बुदे त्याचे सोंग आणीत आणि तज्ज्ञांत मतभेद होत. २००९ साली कॅनडातील व्हँकुव्हरच्या संशोधकांनी या अर्बुदाची जनुकीय लिपी वाचली, तेव्हा फॉक्सएलटू नावाच्या एका जनुकात, एकाच ठिकाणी, एकच अक्षर बदललेले सापडले. आणि पडताळणीसाठी घेतलेल्या ८९ प्रौढ प्रकारच्या अर्बुदांपैकी ८६ मध्ये तोच बदल मिळाला. एवढी एकनिष्ठ खूण अर्बुदशास्त्रात फार थोड्या ठिकाणी आढळते. रोकिटान्स्कीने ज्याला प्रथम ओळखले, त्याच्या ओळखीवर दीडशे वर्षांनी मोहोर उमटली.

साधने वाढली म्हणून जुनी चूक मेली, असे मात्र समजू नये. १९८१ साली बॉस्टनमध्येच बास्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाचे एक रक्तचिन्ह शोधले, जे आज सीए-१२५ या नावाने शहरांतल्या बहुतेक प्रयोगशाळांत तपासले जाते. उपचार चालू असताना रोग हटतो की वाढतो, हे पाहण्यास ते अत्यंत उपयोगी आहे. परंतु मिग्जच्या त्रिकूटातही ते रक्तात बरेच वाढलेले सापडते. आणि गाठ, दोन ठिकाणी पाणी व त्यावर हा वाढलेला आकडा, असा कागद हाती पडला, की १९३७ पूर्वी ज्या घाईने निकाल लागे, त्याच घाईने तो आजही लागू शकतो. घरात कुजबूज सुरू होते, आजीला काही सांगू नका असे ठरते, या वयात कशाला चिरफाड असा सूर निघतो. त्या घरापुरते तरी ह्यूस्टनच्या रोगिणीचे अठ्ठावन्न वर्षांचे वय आणि त्यानंतरची तिची तेरा वर्षे कोणी मोठ्याने वाचून दाखवावीत.

या हकीकतीचा अर्थ असा नव्हे, की उतारवयातील अंडाशयाची प्रत्येक गाठ निरुपद्रवी असते. बहुसंख्य घातक गाठी याच वयात होतात, आणि म्हणूनच टाळाटाळीला येथे जागा नाही. अर्थ एवढाच, की गाठ कोणत्या जातीची आहे हे प्रयोगशाळेतून लेखी आल्यावाचून ना भीतीने हात टेकावेत, ना धीराने बेफिकीर राहावे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर अंगावर गेले, मग ते थेंबभर असो, एकदाच असो, तर ते स्त्रीरोगतज्ज्ञाच्या कानावर घालणे हे प्रत्येक स्त्रीचे कर्तव्य आहे, आणि ती संकोचत असेल तर ते बोलण्याइतकी मोकळीक देणे हे तिच्या मुलासुनांचे. पोट विनाकारण वाढू लागले, थोडे खाताच भरल्यासारखे वाटू लागले, धाप लागू लागली, तर तिला केवळ वय हे कारण पुरेसे मानू नये. आणि जिची गाठ काढून झाली आहे, तिने विकृतिशास्त्राचा अहवाल घराच्या दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावा. कारण कणिकापेशींचे अर्बुद वीस वर्षांनीही परत येऊ शकते, आणि त्या दिवशी नव्या डॉक्टरला पहिल्याप्रथम तोच कागद हवा असतो.